माळ राखला तर मेंढी राखली

दिवाळीचा फराळ संपत येतो, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागते आणि माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांतले धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ, हलू लागतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड चढतं: भांडीकुंडी, पिठाचा डबा, घोंगड्या, वाघरीच्या जाळ्या, पाय बांधलेल्या दोन-चार कोंबड्या आणि कधी कधी चालून दमलेलं लेकरू. पुढे मेंढरं, कडेनं कुत्री, मागे बाया. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही भीमा-नीरेच्या बागायती पट्ट्यात शिरतात, काही मराठवाड्याकडे वळतात. परत फिरायचं ते मृगाच्या तोंडावर. कोकणातल्या पावसात मेंढीचे खूर कुजतात, भिजलेली लोकर वाळत नाही. म्हणून पाऊस लागण्याआधी देशावरचा आपला माळ गाठावाच लागतो.

याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या दुकानांतून ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक चाऱ्यावर वाढवलेलं’ अशा चिठ्ठ्या लावलेलं मटण महागात विकलं जातं. मोकळी हवा, रोजची चाल, रानातला विविध चारा, वाढीसाठी औषधं नाहीत, गोठ्यात कोंबलेली जनावरं नाहीत, ही त्या चिठ्ठीमागची अपेक्षा. ती जवळजवळ सगळी पुरी करणारा कळप आपल्याच रस्त्याच्या कडेनं चालत असतो आणि आपण गाडीतून हॉर्न वाजवत त्याला बाजूला व्हायला सांगतो. कमीत कमी खर्चात, कोरड्या माळावर, बाहेरून फारसं काही न आणता मांसाची मेंढी कशी वाढवावी, हे शास्त्र दख्खनमध्ये नव्यानं उभारायला नको. ते चालू आहे. मात्र ते ज्याच्यावर उभं आहे तो माळ आपण झपाट्यानं संपवतो आहोत.

दख्खनी नावाचं जनावर

महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रच्या पठारावरची ही मेंढी ‘दख्खनी’ म्हणून ओळखली जाते. बहुतेक काळी, काही काळी-पांढरी किंवा करडी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार. मोठी मेंढी साधारण तीस किलोच्या आतबाहेर, मेंढा त्याहून दहा-एक किलोनं जड. वर्षाकाठी अंगावरची लोकर निघते जेमतेम अर्धा किलो, तीही जाडीभरडी. म्हणजे ना वजनात बाजी, ना लोकरीत. परदेशी जातींच्या शेजारी उभी केली तर ती किरकोळच दिसेल.

तिची किंमत दुसऱ्या ठिकाणी आहे. ज्या तालुक्यांत वर्षाचा सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही भरवशाचा नाही, तिथे ती छपराशिवाय जगते. थंडी-वाऱ्यात, अवकाळीच्या सरीत अंगावरची लोकर हाच तिचा निवारा. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालते, निकृष्ट चाऱ्यावर अंग धरते, उन्हाळ्यात रोडावते आणि पहिल्या हिरव्या गवतावर पुन्हा भरते. वेताला माणसाची मदत क्वचितच लागते. वाट चालता चालता मेंढी मागे राहते, विते, कोकरू चाटून कोरडं करते. मेंढका ते घोंगडीत उचलून घेतो आणि मेंढी त्याच्या मागोमाग चालू लागते.

हे गुण आपोआप आलेले नाहीत. मेंढका कळपात पैदाशीसाठी मेंढा ठेवतो तेव्हा त्याचं अंग, पाय, चाल तर बघतोच, पण त्याच्या आईचं दूध आणि तिनं दुष्काळात धरलेला तग त्याच्या ध्यानात असतो. बाकीची नर कोकरं बाजारात जातात. जी मेंढी वाटचाल झेपत नाही म्हणून मागे पडते, तिची वीण पुढे चालत नाही. कितीतरी पिढ्या माणूस आणि माळ या दोघांनी मिळून ही निवड केली आहे. ‘कमी देखभालीची मेंढी’ म्हणतात ती अशी घडते.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. गणितात हा तोटा वाटतो. पण आटलेल्या माळावर, रोज चालणाऱ्या आईच्या कासेत दोन कोकरांपुरतं दूध असेलच असं नाही. एक कोकरू नीट वाढणं हे दोन कोकरं अर्धपोटी राहण्यापेक्षा बरं. हा तोल न बिघडवता उत्पन्न वाढवता येईल का, यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘नारी’नं, मोठं काम केलं आहे. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेली ही संस्था. तिथे डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या सुंदरबनातल्या ‘गरोळ’ या चिमुकल्या मेंढीकडे लक्ष दिलं. दलदलीत चरणारी ही मेंढी जुळी-तिळी देते, आणि ती ज्या जनुकामुळे देते ते ‘फेकबी’ जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून ते पोचलं असं मानलं जातं. ते जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. रक्ताच्या चाचणीनं जनुक ओळखून निवड करायची, शरीर आणि काटकपणा दख्खनीचाच ठेवायचा, अशी ही रीत. जुळ्यांचं प्रमाण त्यामुळे चांगलंच वाढतं. पण संस्थेचा अनुभवही हेच सांगतो की जुळी वाढवायची तर गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात आणि विल्यानंतर थोडा जादा खुराक द्यावा लागतो, कोकरांकडे जास्त बघावं लागतं. जास्त कोकरं आणि कमी कष्ट ही दोन्ही टोकं एकदम हाती येत नाहीत. ज्या कुटुंबाकडे थोडा जादा चारा आहे त्यानं जुळ्यांकडे जावं; जे सात-आठ महिने वाटेवर आहे त्याला एकच कोकरू परवडतं.

माळावरचं ताट

शेतीच्या कागदावर ‘पडीक’ म्हणून नोंदलेला माळ मेंढीच्या डोळ्यांनी बघितला पाहिजे. पावसाळ्यात इथे पवन्या, मारवेल, डोंगरी, अंजन ही गवतं उठतात. कुसळी गवतही उठतं, आणि मेंढक्याचं कसब त्या एका गवतावर पारखता येतं. कोवळी असताना कुसळी मेंढी आवडीनं खाते. फुलोरा येऊन कुसळं पिकली की तेच गवत वैरी होतं. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि वर ओल लागताच पिळवटणारी शेपटी. त्यामुळे ते लोकरीत शिरलं की आत आत जातं, कातडीला भिडतं, ओठात-हिरडीत रुततं. तोंड दुखरं झालेली मेंढी चरायची थांबते. म्हणून कुसळीचा माळ आधी चारून घ्यायचा आणि फुलोरा आला की कळप दुसरीकडे न्यायचा. ‘फिरती चराई’ या नावानं आज प्रशिक्षणात जे शिकवतात, ते मेंढक्याला गवताच्या टोकावरून कळतं.

हिवाळ्यात माळ वाळतो. मग कापणी झालेली रानं, ज्वारीची ताटं, तुरीचा पाला, हरभऱ्याचं भूस. उन्हाळ्यात बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा. काठीला आकडी लावून मेंढका फांदी हलवतो, शेंगा पडतात आणि मेंढरं तिकडे धावतात. वाळल्या गवतात प्रथिनं उरलेली नसतात तेव्हा ती कमतरता या शेंगा भरून काढतात. विकतचं पशुखाद्य न घेता चैत्र-वैशाख निभावतो तो झाडांच्या जोरावर. पहिल्या पावसाचं कोवळं गवत आलं की मेंढ्या माजावर येतात. आषाढ-श्रावणात फळलेल्या मेंढ्या पाच महिन्यांनी, मार्गशीर्ष-पौषात वितात. त्या वेळी वाडा सुगीच्या रानांत असतो, आईला खायला मिळतं, कोकरू धरतं. वेताचा महिना असा वाटचालीशी जुळलेला आहे.

रात्रीचं खत, पहाटेचं काम

चरून आलेला कळप रात्री शेतकऱ्याच्या रानात बसतो. वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण रोवायचं, आणि आत मेंढरं. रात्रभर लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. मेंढीच्या खतात नत्राचं प्रमाण साध्या शेणखतापेक्षा पुष्कळ जास्त, आणि ते वाहून आणायला, पसरायला मजूर लागत नाही. दुसऱ्या रात्री वाघर थोडी पुढे सरकते. असं करत सगळं रान खतावतं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा रोख पैसे. सेंद्रिय शेतीच्या नावानं आपण पोत्यांत भरलेलं खत विकत घेतो, पण मेंढरं बसवणं हा दख्खनमधला सेंद्रिय शेतीचा सगळ्यात जुना आणि स्वस्त व्यवहार आहे. मेंढीपालनाचा हिशेब मांडताना नुसतं मटण धरलं तर तो अपुराच राहतो. रानात पडलेलं खत, पुढच्या पिकाला मिळालेलं बळ हेही त्यात आलं पाहिजे.

वाड्यावरची पहाट जवळून पाहावी. कोकरं रात्री वेगळी कोंडलेली असतात. ती सोडली की एकच गलका उठतो. शे-दीडशे आया ओरडतात, तितकी कोकरं ओरडतात, आणि त्या कल्लोळात प्रत्येक कोकरू आपली आई शोधतं. एखादी पहिलारू मेंढी आपलं कोकरू हुंगून लाथाडते. मग घरातली बाई तिचं डोकं मांडीत दाबून धरते, कोकराच्या तोंडात सड देते आणि ते पुरतं पिईस्तोवर उठत नाही. ज्याची आई मेली ते दुसरीच्या कासेला लावायचं, लंगडणाऱ्या मेंढीचा खूर साफ करायचा, कुणाच्या अंगात ताप आहे ते कान चाचपून बघायचं, हे सगळं ऊन वर येण्याआधी. त्यानंतर भाकरी, पाणी, बिऱ्हाड बांधणं, पुढच्या मुक्कामी पुन्हा चूल मांडणं. पुरुष मेंढरांमागे जातो. वाडा हलवते ती बाई.

म्हणून ‘कमी देखभालीची मेंढी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. मेंढीला गोठा, पंखा, खाद्याची पोती लागत नाहीत हे खरं. पण ती देखभाल कुणीतरी अंगावर घेतलेली आहे. बाईचे कष्ट कोणत्याही ताळेबंदात येत नाहीत, मुलांची शाळा दर मुक्कामाला तुटते, बाळंतपण वाटेत होतं. स्वस्त जनावरामागची ही किंमत न सांगता माळावरच्या मेंढपाळीचं गुणगान करणं अन्यायाचं ठरेल.

सेंद्रिय कुणाला म्हणायचं?

देशात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे आणि पशुपालनासाठीही त्यात निकष आहेत. त्यांचा गाभा साधा आहे: जनावराला चरायला मोकळीक, चारा सेंद्रिय, वाढीसाठी संप्रेरकं नाहीत, आजार नसताना प्रतिजैविकं नाहीत. लसीला मनाई नाही. आजारी जनावराला औषध देता येतं, मात्र त्यानंतर मांसासाठी विकण्याआधी जास्त काळ थांबावं लागतं.

यातल्या बहुतेक कसोट्यांवर धनगराचा कळप सहज उतरतो. अडचण येते ती चाऱ्यात. माळ निर्मळ आहे, पण कापणी झालेल्या रानात कोणती फवारणी झाली होती हे मेंढक्याला कोण सांगणार? कपाशीचं रान, भाजीपाल्याचं उरलेलं पीक यांत मेंढरं दगावल्याच्या घटना मेंढपाळांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. शिवाय प्रमाणपत्राची सगळी पद्धत गट नंबरावर बेतलेली. जमीन कुणाची, तिच्यावर काय वापरलं, याची नोंद मागणारी. जो दर चार दिवसांनी गाव बदलतो आणि ज्याच्या नावे चराऊ जमीन नाही, त्यानं कोणता उतारा दाखवायचा? म्हणून सर्वांत नैसर्गिक पद्धतीनं वाढलेलं मटण लोणंद, सांगोला, चाकणच्या बाजारात बिनचिठ्ठीचं विकलं जातं आणि चिठ्ठीचा भाव दुसऱ्याला मिळतो. कळपाच्या वाटेची, लसीची आणि औषधांची नोंद धरून मेंढपाळांच्या गटाला प्रमाणपत्र देता येईल अशी पद्धत बसवली, तर ही कोंडी फुटू शकते.

रोगांच्या बाबतीत मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. आंत्रविषार, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी, लाळ्या-खुरकूत, नीलजिव्हा हे रोग काटक मेंढीलाही सोडत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या गवतावर तुटून पडलेलं धट्टंकट्टं कोकरू संध्याकाळी मरून पडतं ते आंत्रविषारानं. म्हणून त्याची लस पावसाआधीच टोचलेली हवी. जंताचं औषध सगळ्या कळपाला सरसकट पाजत राहिलं तर जंत त्याला दाद देईनासे होतात. डोळ्याची पापणी उलटून पाहिली, ती फिकट पांढरी दिसली, त्या मेंढीला आधी औषध द्यावं, हा मार्ग खर्चानंही कमी आणि सेंद्रिय विचाराशीही जुळणारा. पीपीआर २०३० पर्यंत जगातून संपवायचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आहे. फिरत्या कळपापर्यंत लस पोचली नाही तर ते साधणार नाही. दवाखाना गावात आणि वाडा रानात अशी आजची स्थिती. लस वाटेवर आली पाहिजे. डॉ. नित्या घोटगे आणि सागरी रामदास या पशुवैद्यांनी उभ्या केलेल्या ‘अंतरा’ संस्थेनं मेंढपाळांबरोबर, विशेषतः बायांबरोबर, पशुआरोग्याचं आणि दख्खनी मेंढी टिकवण्याचं काम केलं, त्याचं मोल इथे कळतं.

काळे कळप पांढरे का झाले?

पूर्वी माळावर उतरलेला कळप काळा दिसे. आता त्यात पांढरे-तांबूस ठिपके वाढले आहेत. कारण लोकरीचा भाव. सनगर जमातीचे विणकर ज्या लोकरीची घोंगडी विणत, तिला आज कातरणीची मजुरीही सुटत नाही. स्वस्त चादरी आल्या, घोंगडीला गिऱ्हाईक उरलं नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर आजही लोकर उधळली जाते. देवाच्या दारी तिचा मान टिकला, बाजारात गेला. मग मेंढपाळ लोकर नसलेल्या, उंच, भरभर वाढणाऱ्या मेंढीकडे वळला. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची ही मेंढी. पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे. आटपाडीच्या कार्तिक यात्रेत माडग्याळ मेंढ्याला लाखांची बोली लागल्याच्या बातम्या येतात.

मांसासाठी ही निवड चुकीची नाही. दक्षिण आफ्रिकेत १९३०च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून कोरड्या प्रदेशासाठी ‘डॉर्पर’ तयार केली गेली, तिचाही हेतू हाच: कातरणीचा व्याप नको, अंगाला मांस हवं. पण लोकर गेली की पावसात-थंडीत उघड्यावर टिकण्याचं बळ कमी होतं आणि मोठ्या अंगाला चाराही जास्त लागतो. जतच्या कोरड्या हवेत शोभणारी मेंढी कोकणाच्या वाटेवर तितकीच तगेल असं नाही. केवळ वजनावर आणि बोलीवर भुलून सगळीकडे एकच मेंढा फिरवला तर काटकपणा हरवेल, आणि तो एकदा हरवला की पुन्हा घडवायला पिढ्या लागतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या रांजणी, महूद, दहिवडी इथल्या प्रक्षेत्रांवर शुद्ध दख्खनी आणि माडग्याळ मेंढे पैदा करून ते ज्या त्या भागालाच देणं, हे अनुदानाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

माळ कुणाचा?

२०१९च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्राचा वाटा त्यात सुमारे २७ लाखांचा. शेजारच्या तेलंगणाचा १ कोटी ९० लाखांच्या घरात. मेंढ्या देण्याच्या योजना आपल्याकडेही आहेत. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून २० मेंढ्या आणि १ मेंढा अनुदानावर मिळतो. पण मेंढी दिली आणि चरायला जागा दिली नाही, तर ती बाजारातच जाते.

जागा आटण्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. पाणी आलं तिथे माळ मोडून ऊस आला. रस्त्यालगत औद्योगिक वसाहती, प्लॉट, सौर प्रकल्प आले. सरकारी नकाशांत झुडपी माळ ‘पडीक’ ठरल्यामुळे त्याचं काहीही केलं तरी विकासच झाला असं समजलं जातं. वन विभागानं अशा माळांवर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी झाडं लावली. त्याचा पाला मेंढी सहसा खात नाही आणि सावलीखाली गवत नीट उठत नाही. पाणलोटाच्या कामांत सरसकट चराईबंदी आली. काही वर्षं माळाला विसावा देणं योग्यच, पण तो मोसमापुरता आणि पाळीपाळीनं देता येतो. कायमची बंदी म्हणजे शेजारच्या माळावर दुप्पट भार. एका जागी जनावरं अडकली की गवत मुळासकट जातं, आणि दोष मेंढीवर येतो.

हा माळ मेंढीबरोबर लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर, माळढोक यांचाही आहे. माळढोक सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य असूनही जवळजवळ दिसेनासा झाला. लांडग्याला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, पण तो जगतो बऱ्याच अंशी धनगराच्या मेंढीवर. मेंढरू गेलं तर भरपाईसाठी पंचनामा व्हावा लागतो आणि तोवर वाडा दुसऱ्या गावी गेलेला असतो. तरीही कुत्र्यांच्या सोबतीनं रात्री राखण करत, लांडग्याचा वाटा गृहीत धरत हा माणूस माळावर राहतो. तो तिथून उठला की माळाची राखण करायला कुणीच उरत नाही.

हे सगळं झेपत नाही म्हणून हल्ली बंदिस्त मेंढीपालनाचा सल्ला दिला जातो. ज्याच्याकडे पाण्याची शेती आणि स्वतःचा चारा आहे त्यानं तो जरूर करावा. पण गोठा बांधला की छप्पर, मुरघास, खुराक, कोंदट जागेतले रोग, मजुरी असा एकेक खर्च आत येतो. जी मेंढी माळावर फुकटच्या गवताचं मांस करत होती, ती आता विकतच्या मक्याचं मांस करू लागते. कमी देखभाल, कमी खर्च आणि सेंद्रिय, हे तिन्ही गुण गोठ्याच्या दारातच गळून पडतात. ते मेंढीच्या रक्तात जितके आहेत, तितकेच तिच्या वाटेत आणि माळात आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. मेंढपाळाचा चराईचा हक्क मानायला आपल्याला नवा कायदाही लागत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ)मध्ये भटक्या पशुपालकांच्या मोसमी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रातल्या धनगरांसाठी तो वापरात आणायचा आहे. ग्रामसभांनी गायरान विकू-भाड्यानं देऊ नये, वाड्यांच्या वाटा आणि पाणवठे नोंदवून घ्यावेत, वन विभागानं गवताळ माळावर झाडं लावणं थांबवून गवत राखावं, पशुसंवर्धन विभागानं लसीची गाडी दिवाळीनंतर वाटेवर पाठवावी. आणि मटण खाणाऱ्यांनी खाटकाला एवढं विचारावं की हे मेंढरू माळावरचं की गोठ्यातलं, आणि माळावरच्याला दोन पैसे जास्त द्यावेत. सेंद्रिय मटण हवं असेल तर आधी माळ हवा, आणि माळ मागायचा हक्क फक्त धनगराचा नाही, तो तुमचा-आमचाही आहे.